भक्तीची हिरवी नोंद

१

मंगळवारी, नऊ सप्टेंबरला सकाळी साडेसात वाजता तांबसगावच्या किशनरावांची सून भक्ती भाकरी थापता थापता चुलीशेजारी कोसळली. वय एकवीस, पहिलेच बाळंतपण, आठवा महिना. तिला झटके येऊ लागले आणि ते थांबेनात. शेजाऱ्याच्या जीपने तिला परभणीकडे नेले. सेलू ओलांडून जीप हमरस्त्याला लागली तेव्हा तिचा श्वास बंद पडलेला होता. मूलही वाचले नाही.

गरोदरपणात रक्तदाब बेसुमार वाढला आणि त्यावर उपचार झाला नाही, तर असे होते. यात वैद्यकीय गूढ काहीच नव्हते. गूढ होते ते टॅबलेटच्या पडद्यावर. जिल्ह्यातल्या उपकेंद्रांमधील कागदी नोंदवह्या एक ऑगस्टपासून बंद झाल्या होत्या आणि प्रत्येक गरोदर बाईची नोंद आता टॅबलेटवर होत होती. धोक्यातल्या बाईच्या नावापुढे लाल ठिपका येई, बाकीच्यांच्या हिरवा. भक्तीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. त्याखाली नोंद होती:

रविवार, सात सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजून अडतीस मिनिटे. रक्तदाब ११८/७६. नाडी ५४. धोका नाही. नोंद करणार: परिचारिका निकिता.

म्हणजे मृत्यूच्या अडतीस तास आधी भक्तीची प्रकृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या कोणत्याही विद्यार्थिनीपेक्षा चांगली होती. शरीरविज्ञानाला हे मान्य होण्यासारखे नव्हते.

भक्तीच्या सासूने, कस्तुराबाईंनी, निकिताविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. निकिता कंत्राटी होती. नोंद तिने खोटी केली असे ठरले, तर नोकरी जाणार होती आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लागणार होता. चौकशी समितीची बैठक एकोणीस तारखेला, शुक्रवारी ठरली. समितीत बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून डॉ. रुद्राणी हालगे यांना घेण्यात आले. त्या औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक होत्या. सोमवारी, पंधरा तारखेला त्या तांबसगावला पोहोचल्या. हाताशी चार दिवस होते.

२

निकिता अठ्ठावीस वर्षांची होती आणि आठवडाभर झोपलेली नसावी. तिने जे सांगितले ते क्रमाने आणि एकदाच सांगितले.

रविवार असूनही गरोदर बायांच्या तपासणीची मोहीम होती. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने उपकेंद्रात भक्तीचा रक्तदाब घेतला. १५८/१०६ आला. पायावर सूज होती, डोके दुखत होते. ठिपका लाल झाला. तिने कस्तुराबाईंना बजावले की हिला आजच परभणीला न्या. त्या रात्री चंद्रग्रहण होते; त्या म्हणाल्या, आज गिऱ्हाण आहे, उद्या नेऊ. मग निकिताने वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला आणि गाडी मागवली. गाडी संध्याकाळी मिळेल असे कळले. दुपारी दोन वाजता ती मोहिमेसाठी चौदा किलोमीटरवरच्या वस्तीवर गेली. सोमवारी सकाळी टॅबलेट उघडला तेव्हा भक्तीचा ठिपका हिरवा होता.

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" रुद्राणीताईंनी विचारले.

"वाटलं, गाडी आली, परभणीला नेलं, गोळ्या दिल्या अन् दाब उतरला. मला बरं वाटलं, मॅडम. त्या दिवशी मी निवांत जेवले. तेच मला आता खुपायलंय."

"तुम्ही तिच्या घरी फोन केला नाही?"

"हिरव्या बाईला फोन करायचा नसतो. लाल बायांची यादी येती, तिला करायचा. त्या दिवशी यादीत नऊ जणी होत्या."

सकाळच्या नोंदीचा मात्र टॅबलेटवर मागमूस नव्हता. १५८/१०६ हा आकडा या जगात फक्त निकिताच्या तोंडी शिल्लक होता.

रुद्राणीताईंनी दोन गोष्टी त्याच दुपारी तपासल्या. पहिली, रुग्णवाहिकेच्या चालकाची वही. ही वही कागदी होती, म्हणून ती वाचता आली. 'तांबसगाव, गरोदर माता, लाल. ४.५० निघालो. वालूर येथे ५.३९ ला रद्द. परत.' म्हणजे सकाळी लाल ठिपका पडला होता हे निश्चित. निकिता खरे बोलत होती. गाडी वालूरपर्यंत आली होती. तिथून तांबसगाव पंधरा मिनिटांवर होते.

दुसरी गोष्ट म्हणजे केंद्राकडे यंत्र आणि टॅबलेट यांचे दोन संच होते. निकिताच्या हातातल्या संचावर पाच छत्तीसला त्या दूरच्या वस्तीवरील एका बाईची नोंद होती. भक्तीची पाच अडतीसची नोंद उपकेंद्रातल्या दुसऱ्या संचावर झाली होती. दोन मिनिटांत चौदा किलोमीटर कोणी जात नाही.

तर मग निकिताच्या नावाने ती नोंद केली कोणी?

३

"एवढं सोपं न्हाई, मॅडम," संगणकाचे काम पाहणारा सिद्धोधन म्हणाला. "तिचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक हाय. कपाटाच्या दारावर आतून लिहिलेला हाय. आशाताईंना स्वतःचा पासवर्ड मिळावा म्हणून अर्ज ऑगस्टातच केलाय. तो कुठंतरी मंजूर व्हायलाय."

उपकेंद्राची किल्ली चौकटीवरच्या खिळ्याला असे. ती जागा आणि पासवर्ड दोन्ही ठाऊक असलेली माणसे चार होती: निकिता, सिद्धोधन, वैद्यकीय अधिकारी डॉ. मंगेश आणि गावच्या आशाताई चांगुणाबाई. त्यांतली निकिता वजा झाली.

सकाळची नोंद कुठे गेली, याचा खुलासा सिद्धोधनने दिला. एका बाईची एका दिवसात एकच नोंद राहते. दुसरी घेतली की पहिली पुसली जाते. ठिपका लाल झाला तर खात्री करण्यासाठी त्याच दिवशी सहाच्या आत पुन्हा मोजायचे, असा नियम. दुसरा आकडा तेवढा उरतो. पहिला का ठेवला नाही, असे रुद्राणीताईंनी विचारले. बनवताना कोणी तसे मागितले नव्हते, असे उत्तर आले.

"बरं. मग कोणीतरी कपाट उघडलं, पासवर्ड टाकला आणि ११८/७६ असा आकडा टाइप केला."

सिद्धोधनने मान हलवली. यंत्र दाखवावे तसे त्याने तळहात पुढे केले.

"टाइप करताच येत न्हाई. म्हणून तर हे यंत्र आणलं. पट्टा हाताला बांधायचा, बटन दाबायचं, आकडा आपोआप टॅबलेटात जातो. बोटानं एक अक्षर घालता येत न्हाई. वरचे साहेब म्हणतात ना, माणूस खोटं बोलंल, यंत्र बोलणार न्हाई."

रुद्राणीताईंनी मेजावरच्या निळ्या पट्ट्याकडे पाहिले. मग त्यांनी आपल्या वहीत एक वाक्य लिहिले. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे त्याला ठाऊक नसते.

आकडा टाइप झाला नव्हता. म्हणजे रविवारी पाच अडतीसला तो पट्टा कोणाच्या तरी जिवंत दंडावर आवळला गेला होता. आणि तो दंड भक्तीचा नव्हता.

४

डॉ. मंगेश पस्तिशीचे, सडसडीत, रोज पहाटे सेलूच्या रस्त्यावर दहा किलोमीटर धावणारे गृहस्थ होते. निकिताचा फोन आला होता, हे त्यांनी कबूल केले. मात्र "थोडासा वाढलाय" एवढेच ती म्हणाली, असे त्यांना आठवत होते. आकडा आठवत नव्हता. त्यानंतर त्यांनी चांगुणाबाईंना तीन वेळा फोन केला होता. का, असे विचारल्यावर ते म्हणाले की सहाच्या आत दुसरी मोजणी झाली नाही तर केंद्र यादीत खाली जाते आणि वरून विचारणा होते.

"म्हणजे तुम्हाला ठिपका हिरवा हवा होता."

"मला मोजणी हवी होती, मॅडम. हिरवा होईल की लाल, ते माझ्या हातात नाही."

वाक्य बिनचूक होते. ते त्यांनी आधीच कुठेतरी लेखी दिले असावे.

चांगुणाबाई पन्नाशीच्या, जाडसर, पायाने किंचित अधू. गावात अकरा वर्षे आशा म्हणून काम केलेले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच डोळ्यांना पदर लावला. रविवारी संध्याकाळी आपण भक्तीकडे गेलो होतो, दुसरी मोजणी केली, आकडा चांगला आला, असे त्या म्हणाल्या. पट्टा भक्तीच्याच हाताला बांधला होता का? त्यावर त्या "मग आणखी कुणाच्या?" असे म्हणाल्या आणि पदर पुन्हा डोळ्यांना लावला.

शेवटी रुद्राणीताई किशनरावांच्या घरी गेल्या. तक्रारदाराची भेट घेणे आवश्यकच होते. कस्तुराबाई साठीला आलेल्या, ताठ बसणाऱ्या बाई होत्या. माहेर चारठाण्याचे, लग्नाला बेचाळीस वर्षे झाली तरी बोलण्यात चारठाण्याची देवळे अधूनमधून येत. त्यांनी पाहुणीला चहा दिला. स्वतः घेतला नाही. पातळाच्या कनवटीतून एक पुडी काढून अर्धी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि मग बोलायला सुरुवात केली.

"लेकीसारखी न्हवं, लेकच व्हती. मला पोरगी न्हाई. गिऱ्हाणाच्या दिवशी दुपारपासनं मी तिला आतल्या खोलीतनं हलू दिलं न्हाई. सुई न्हाई, विळी न्हाई, पदराला गाठ न्हाई. लेकराला काई व्हायला नगं म्हणून. आन् त्या शिस्टरनं काय केलं? सगळं चांगलं हाय म्हणून लिहिलं. म्हणून तर सोमवारी नेलं न्हाई. चांगलं व्हतं तर माझी भक्ती गेली कशी? तिला सोडणार न्हाई मी. तिला जेल झाल्याबिगर मी पाणी सोडणार न्हाई भक्तीच्या नावानं."

पितृपंधरवडा चालू होता. किशनराव ओसरीवर बसून होते. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

५

बुधवारी सकाळी रुद्राणीताईंनी एक साधा प्रयोग केला. चौघांना उपकेंद्रात बोलावले आणि प्रत्येकाच्या दंडाला तोच निळा पट्टा बांधला. कोणी कारण विचारले नाही. चौकशीला आलेल्या बाहेरच्या माणसाला लोक कारण विचारीत नाहीत, हे त्यांना अनेक वर्षांपासून ठाऊक होते.

निकिता: १०६/६८, नाडी ९६. ती भ्यालेली होती. सिद्धोधन: १३२/८६, नाडी ८४. चांगुणाबाई: १५२/९४, नाडी ९०. यंत्राने त्यांच्याच नावापुढे लाल ठिपका दाखवला आणि त्या आणखी घाबरल्या.

डॉ. मंगेश: ११६/७४. नाडी ५२.

सिद्धोधनने पडद्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे, मग जमिनीकडे.

आठव्या महिन्यातल्या बाईच्या हृदयाला दोन जिवांचे काम असते. तिची नाडी मिनिटाला सत्तरच्या खाली सहसा येत नाही. चौपन्न ही नाडी गरोदर बाईची नव्हेच. इतके मंद हृदय रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याचे असते. निकिताच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत प्रथमच काहीतरी हलले. ती सुटकेची आशा होती.

"डॉक्टरसाहेब," रुद्राणीताई म्हणाल्या, "रविवारी पाच अडतीसला तुम्ही कुठे होता?"

मंगेशांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर जिल्ह्याच्या ऑनलाइन बैठकीचे चित्रमुद्रण होते. पाच ते साडेसहा. चौकटीचौकटीतून बावीस अधिकारी दिसत होते. खालच्या ओळीत तिसरे डॉ. मंगेश, मागे सेलूच्या कार्यालयातला फळा. पाच अडतीसला ते मान डोलावत होते. बैठकीचा विषय होता: लाल ठिपक्यांचे प्रमाण.

सिद्धोधन रविवारी पावणेपाचच्या गाडीने पिंगळीला घरी गेला होता. स्टेशनवर उतरताना त्याने तिथल्या कर्मचाऱ्याशी भांडण केले होते आणि ते भांडण त्या कर्मचाऱ्याला आजही चांगले आठवत होते. चांगुणाबाईंचा दंड ११८ दाखवू शकत नव्हता.

चारही दंड संपले. आकडा मात्र उरला होता.

६

एखादे गृहीतक कोसळले की त्याच्या पायातले काय अजून उभे आहे ते पाहावे, असे रुद्राणीताई विद्यार्थ्यांना सांगत. दोन गोष्टी उभ्या होत्या. एक, पट्टा खऱ्या दंडावर बांधला गेला होता. दोन, त्या दंडाच्या मालकाची नाडी मंद होती. तांबसगावात सडकेवर धावणारे माणूस दुसरे कोणी नव्हते. पण मंद नाडीला धावणे हे एकच कारण नसते. रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती रक्तदाब उतरवते आणि त्याबरोबर हृदयाचा वेगही कमी करते. तीस वर्षे त्यांनी हेच शिकवले होते.

त्यांनी सिद्धोधनला विचारले की तांबसगावात ही गोळी कोणाकोणाला दिली जाते. ती माहिती त्याच टॅबलेटमध्ये होती. यादी निघायला चार मिनिटे लागली. बारा नावे. प्रत्येक नावाखाली ऑगस्टमधली मोजणी. अकरा जणांचे आकडे जुळत नव्हते: कुणाचा दाब १५० च्या वर, कुणाची नाडी सत्तरीत. बाराव्या नावाखाली होते: १२०/७८, नाडी ५५. गोळी नियमित, दिवसातून दोन वेळा अर्धी.

नाव होते कस्तुराबाई किशनराव.

सिद्धोधनने ते वाचले आणि टॅबलेट हळूच मेजावर पालथा ठेवला.

"मॅडम," तो म्हणाला, "ही बाई तर फिर्यादी हाय."

७

चांगुणाबाई आता रडल्या नाहीत. रुद्राणीताईंनी त्यांच्यापुढे दोन्ही आकडे ठेवले. मग एखादे जड ओझे खाली ठेवावे तसे सगळे सांगितले.

डॉक्टरांचा तिसरा फोन पाचला पाच मिनिटे असताना आला. त्या संच घेऊन किशनरावांकडे गेल्या. ग्रहणाचे वेध लागलेले होते. भक्ती आतल्या खोलीत आडवी होती. कस्तुराबाई दारात उभ्या राहिल्या. गिऱ्हाणात गरोदर बाईच्या अंगाला काही आवळायचे नसते. गाठ मारली, पट्टा बांधला, तर लेकराच्या अंगावर वळ उठतो, हात वाकडा निपजतो. चांगुणाबाईंनी विनवले. सहाच्या आत झाले नाही तर माझी खैर नाही, असे सांगितले. तेव्हा कस्तुराबाईंनीच तोड काढली. बाहीचा काठ वर सारला आणि दंड पुढे केला. म्हणाल्या, मला बांध. आमच्या घरचाच हात हाय की.

"तुम्ही बांधला."

"बांधला. मॅडम, आकडा मनानं लिहायचा असता ना, तर मी लिहिला नसता. अकरा वर्षांत एक खोटी ओळ लिहिली न्हाई मी वहीत. पण हे यंत्रच लिहितंय. यंत्र काई खोटं लिहीत न्हाई, असंच शिकवलंय आमाला. मला वाटलं, मोजणी झाली म्हणजे झाली. सकाळी शिस्टरनं मोजलेलं हायच की आत, ते कुठं जातंय? मला काय माहीत, एक आलं की दुसरं पुसतंय."

"आणि गाडी?"

"गाडीचं मला कुणीच सांगितलं न्हाई."

हे खरे होते. गाडी निघाल्याचा निरोप निकिताच्या मोबाइलवर गेला होता. दूरच्या त्या वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती.

८

गुरुवारी दुपारी रुद्राणीताई कस्तुराबाईंकडे पुन्हा गेल्या. बरोबर निळा पट्टा होता. जे बाईंना ठाऊक नाही ते त्यांना सांगायचे की नाही, याचा विचार त्यांनी येताना वाटेत केला होता. न सांगता अहवाल लिहिता आला असता. पण चांगुणाबाईंचा शब्द एकटा पुरणार नव्हता, आणि निकिताकडे एकच दिवस उरला होता.

त्यांनी प्रस्तावना केली नाही. आपल्याला दाब मोजायचा आहे, एवढेच म्हणाल्या. कस्तुराबाईंनी सवयीने दंड पुढे केला. यंत्राने हवा भरली आणि सोडली. ११९/७६. नाडी ५४. रुद्राणीताईंनी खिशातून कागद काढून त्याच्या शेजारी भक्तीची नोंद ठेवली. कस्तुराबाईंना अक्षरे फारशी वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते.

त्यांनी दोन्हीकडे पाहिले. एकदा, आणि मग पुन्हा.

"ह्यो तर माझा हाय," त्या म्हणाल्या.

रुद्राणीताईंनी पट्टा सोडवला.

"म्हंजे माझाच गेला का तिच्या नावावर?"

"हो."

"आन् सकाळचा? शिस्टरनं घेतलेला?"

"तो पुसला गेला. त्याच्यावर गाडी निघाली होती. वालूरपर्यंत आली होती. तुमचा आकडा आल्यावर ती परत गेली."

ओसरीवरून किशनरावांच्या खोकल्याचा आवाज आला. कस्तुराबाईंनी बाहीचा काठ खाली ओढला. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त आवाज अगदी बारीक झाला.

"मी तर लेकरासाठी केलं."

रुद्राणीताईंनी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. त्या तिथे आणखी तासभर बसल्या. कोणी चहा केला नाही. निघताना कस्तुराबाईंनी उद्या समिती किती वाजता बसते ते विचारले.

९

शुक्रवारी समिती बसली त्या परभणीच्या दालनात पाच खुर्च्या होत्या आणि पंखा एक. रुद्राणीताईंनी चौदा मिनिटांत सगळे मांडले: चालकाची वही, दोन संच, चौपन्न नाडी, बारा नावांची यादी, कालची मोजणी. चांगुणाबाईंनी जबाबावर सही केली. नंतर कस्तुराबाई उभ्या राहिल्या. कोणी सांगितले नव्हते तरी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझी तक्रार मी मागं घेतली. शिस्टरचा गुन्हा न्हाई. हात माझा व्हता."

निकिता भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटले.

अध्यक्षांनी सौजन्याने सर्वांचे आभार मानले. पोलिसांना तसे कळवू, म्हणाले. मग त्यांनी सिद्धोधनला नोंद दुरुस्त करायला सांगितले. नोंद दुरुस्त झाली की परिचारिकेवरील खात्याची कारवाईही आपोआप थांबेल. सिद्धोधनने तिथेच टॅबलेट उघडला. दोन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्याने पडदा अध्यक्षांकडे वळवला.

"सर, नोंद बदलायची तर नवी मोजणी लागती. दुरुस्तीच्या मोजणीला बाईचा अंगठाबी लागतो. पेशंट समोर पायजे."

"ती मयत आहे असं त्यात सांगा."

"सांगितलं, सर. मग खातं बंद होतंय. बंद खात्यात शेवटची नोंद हाय तशी राहती."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग ते पुढच्या विषयाकडे वळले. रुद्राणीताईंनी हरकत नोंदवली. ती इतिवृत्तात घेतली गेली.

आदेश सोमवारी निघाला. आपल्या नावावरून झालेल्या नोंदीस आपण जबाबदार असल्याने आणि सदर नोंद अद्याप अबाधित असल्याने, आपली कंत्राटी सेवा समाप्त करण्यात येत आहे. चांगुणाबाईंनाही कमी करण्यात आले. तांत्रिक सुधारणेसाठी वेगळी समिती नेमण्याची शिफारस झाली.

रुद्राणीताईंनी निकिताला फोन केला. अपील करता येईल, मी लिहून देते, खर्चाची काळजी नको, असे बरेच काही त्या बोलल्या. निकिताने सगळे ऐकून घेतले. गुन्ह्यातून सुटले याबद्दल आभार मानले. मग म्हणाली,

"मॅडम, एक विचारायचं होतं. खालच्या आळीच्या अर्पिताला आठवा लागलाय. शुक्रवारी वाटेत भेटली तेव्हा तिचा चेहरा सुजल्यासारखा वाटला मला. तिचं आता कोण बघणार?"

नवी परिचारिका कधी येणार, याची रुद्राणीताईंनी कार्यालयात चौकशी केली. जागेची जाहिरात निघायची आहे, असे सांगण्यात आले. त्यांनी निकिताकडून अर्पिताच्या घरचा नंबर घेतला. घरात मोबाइल एकच होता, आणि तो नवरा कामावर घेऊन जात असे. त्यांनी दिवसभरात सहा वेळा फोन लावला. पाच वेळा कोणी उचलला नाही, सहाव्या वेळी तो बंद लागला.